धाकट्याच्या नळीतली बाई

शप्पथ! डोळ्यांची शप्पथ, गळ्याची शप्पथ, पुढचा एकच दात उरलाय त्या दाताची शप्पथ, यातला शब्दन् शब्द खरा आहे. त्या दातावर खोटं बोलायची माझी हिंमत नाही, तो आधीच हलतोय. ज्याला थाप वाटत असेल त्यानं आत्ताच उठावं, चपला घालाव्यात नि चालू लागावं. जाताना दार तेवढं ओढून घ्या, वारा येतो. कोणी उठलं नाही? बरं. मग मध्येच "असं कसं होईल" म्हणायचं नाही.

तर एक होती ताई. सख्ख्या भावाची ताई, म्हणून साऱ्या गावाचीच ताई. हॉस्पिटलच्या मागच्या अंगाला, जिथं पूर्वी चादरी धुवायचे, तिथं आता रक्त तपासायची प्रयोगशाळा होती. भिंतीला अजून साबणाचा वास यायचा. ताई तिथं रक्ताच्या नळ्या सांभाळायची. तिच्या सोबतीला एक उंच पोरगा होता, त्याला जिराफ म्हणायचे, कारण वरच्या फळीवरचं काहीही तो चवडे न उचलता काढायचा. आणि या दोघांच्या डोक्यावर मोठ्या बाई. बाई शिकलेल्या, करारी, आणि चष्मा डोक्यावर ठेवून अख्खी खोली पालथी घालणाऱ्या.

त्यांचं काम काय, ते समजून घ्या, नाहीतर पुढं माझ्या तोंडाकडे बघत बसाल. लस टोचली की आपल्या अंगातले पहारेकरी उठतात, शत्रूचा चेहरा ओळखून ठेवतात आणि महिनाभरात रक्तात अँटीबॉडी तयार होतात. सगळ्यांच्याच होत नाहीत. कुणाच्या झाल्या नि कुणाच्या नाही, हे कळायला महिनाभर वाट बघावी लागायची. बाईंचं म्हणणं, कशाला थांबायचं? दुसऱ्याच दिवशी कळतं की! पेशीपेशीत जनुकं असतात. बरीचशी आपली गप्प पडलेली. टोचल्यावर त्यातली काही खडबडून जागी होतात आणि निरोपावर निरोप धाडायला लागतात. दुसऱ्या दिवशीच्या रक्तात ते निरोप किती आहेत हे मोजलं, की पुढं महिन्यानं काय होणार त्याचा अंदाज बांधता येतो. निरोप भरपूर असले तर ती नळी "जागी". नसले तर "झोपलेली". प्रयोगशाळेत त्यांची भाषाच तशी झाली होती. "आज किती झोपलेल्या निघाल्या गं?" असं बाई विचारायच्या, जसं काही पाळणाघरच चालवतायत.

आता धाकटा. ताईचा भाऊ. त्याचं चष्म्याचं दुकान होतं. त्या धंद्यात माणसाच्या नाकाला नाक लावून बसावं लागतं. हा वाच, तो वाच, आता स्पष्ट दिसतं का, मघाशी जास्त स्पष्ट होतं का. गिऱ्हाइकानं सकाळी काय खाल्लं ते धाकट्याला वासावरून कळायचं. तर या पोराच्या दोन्ही किडन्या ऐन उमेदीत गेल्या. तेव्हा आईनं आपली एक काढून दिली. डॉक्टर घाबरले, पण ती नाही. म्हणाली, "पोटात अख्खा ठेवून घेतला होता मेल्याला, भाडं घेतलं का? आता माझा एवढासा तुकडा तू ठेवून घे." पुढच्या वर्षी आई वेगळ्याच दुखण्यानं गेली. डोक्यात रक्त साकळलं, संध्याकाळी बोलत होती नि सकाळी नव्हती. पण तिचा तेवढा तुकडा धाकट्याच्या ओटीपोटात बसून त्याचं रक्त धूत राहिला.

फक्त एक होतं. आईची झाली तरी किडनी परकीच. धाकट्याच्या अंगातल्या पहारेकऱ्यांना आई कोण नि चोर कोण, काय कळणार? म्हणून त्यांना गुंगीत ठेवायच्या गोळ्या. रोज, दुपारच्या ठोक्याला, जन्मभर.

त्या वर्षी गावात छातीचा ताप आला होता. धडधाकट माणसं आडवी होत होती. धाकट्याला डॉक्टरांनी सांगितलं, दुकानाचं शटर खाली. लस घे. ती लागू पडली तर उघड, नाही पडली तर कुणाच्या तोंडासमोर बसायचं नाही. बाईंना असेच गोळ्यांवरचे लोक तपासायला हवे होते, त्यामुळे धाकट्याचं नाव लागलं. ताईनं त्याला आधीच सांगून टाकलं.

"हे बघ, तुझी नळी झोपलेलीच निघणार. गोळ्या आहेत ना. मनाची तयारी ठेव."

"आणि जागी निघाली तर?"

"तर मी तुझ्याकडून चष्मा करून घेईन. पैसे देऊन."

"बाप रे, मग निघायलाच पाहिजे," तो म्हणाला. आणि तेव्हापासून जरा गप्प झाला. ताईला वाटलं, हिरमुसला असेल.

सगळं ठरायला नि सुरू व्हायला बरेच दिवस गेले. मग एकदाची लस टोचली. टोचायच्या आधी एक नळी रक्त घेतलं, ती पडताळ्याला राखून ठेवली, दुसऱ्या दिवशी दुसरी नळी. या नळ्यांत आधीपासून एक औषध असतं. रक्त आत पडलं की नळी हलक्या हातानं उलटी-सुलटी करायची, म्हणजे औषध सगळीकडे पोचतं आणि पेशी आहेत तशा थिजतात. नाहीतर रक्त बाहेर आल्यावरही आपलं जगत बसतं, आणि नळीलाच घाबरून भलभलते निरोप धाडतं. ताई धाकट्याची ती दुसरी नळी हातात घेऊन उलटी करत होती. भर दुपार, खिडकीतून ऊन आत आलेलं, जिराफ शेजारी शिट्टी वाजवतोय.

आणि टकटक झालं. दोनदा. मग जरा थांबून एकदा.

ताईचा हात हवेतच राहिला. आईची रीत होती ती. दारावर मूठ आपटायची नाही, हाक मारायची नाही, नखानं वाजवायची. दोनदा, मग थांबून एकदा. ती शेवटची म्हणजे, "ऐकलं ना? मग उघड की."

"कोण आहे?" जिराफनं शिट्टी थांबवून दार उघडलं. बाहेर लांबलचक रिकामा बोळ, नुकती फरशी पुसलेली, त्यावर एकही पाऊल नाही. तो परत आला. "उंदीर असेल."

ताईला पटलं नाही. उंदराला नखं असतात, पण मध्ये थांबायची पद्धत नसते. आणि खरं सांगू? तिला आवाज दाराकडून आलाच नव्हता. तो तिच्या मुठीतून आला होता.

मोजमाप आलं तेव्हा मोठ्या बाईंनी खुर्ची मागे ढकलली. "ही नळी कुणाची? गोळ्यावाल्यांची? अगं, ही तर टक्क जागी आहे! गोळ्या नसलेल्यांतही नाहीत असे आकडे."

नियमानं ताईला कळायला नको होतं कुणाची ती, पण चिठ्ठी तिनंच चिकटवली होती. तिला आतून इतकं भरून आलं की तिनं कपाटात तोंड घालून उगाच हातमोजे शोधले. धाकट्याचं दुकान उघडणार. आता चष्मा करून घ्यावा लागणार. आईला सांगायला पाहिजे, असंही क्षणभर वाटून गेलं, मग आठवलं.

"थांबा," जिराफ म्हणाला. तो पडद्यावर वाकला होता. "ही नळी पुरुषाची आहे ना? यात बाई आहे."

प्रत्येक नळीची तेवढी एक खातरजमा करतात. एक जनुक असं आहे की ते बायकांच्याच पेशीत बोलतं. नळ्यांची अदलाबदल झाली की ते चुगली करतं. धाकट्याच्या नळीत सगळं पुरुषाचं होतं, आणि त्याच्या मागून, दाराआडून बोलावं तसा, बारीक आवाज एका बाईचा.

मोठ्या बाईंनी ताईकडे बघितलं. "शिंकलीस का नळीत?"

"बाई! मी काय पहिल्या दिवशीची आहे?"

"मग केस पडला असेल. कातडीचा कण. खोलीत बायका दोनच, आणि मी नळीला हात लावत नाही. भेसळ झाली. टाकून दे."

टाकून दे म्हणजे संपलं. तो आकडा नाही, तो अंदाज नाही, धाकट्याचं शटर खालीच. ताईनं हात जोडायचे तेवढे बाकी ठेवले. "पुन्हा एकदा करू द्या. मी खोलीबाहेर थांबते, जिराफ करेल. त्याच्यात तरी बाई नाही ना?"

"आई म्हणते मी बायकांसारखा रडतो," जिराफ म्हणाला, पण कुणी हसलं नाही.

ताई बोळात उभी राहिली. काचेतून जिराफचे लांब हात दिसत होते. त्यानं उरलेल्या रक्ताचं सगळं नव्यानं केलं. नवी भांडी, नवे मोजे, तोंडाला दोन फडकी. आणि पुन्हा तेच. धाकटा, आणि त्याच्या मागं ती बाई.

आता मोठ्या बाई गप्प झाल्या. बाई गप्प झाल्या की समजायचं, काहीतरी खरं सापडतंय. त्या म्हणाल्या, "टोचायच्या आधीची नळी काढ."

काढली. त्यातही ती होती. जरा क्षीण, पण होती. आणि दुसरं एक होतं, ते बघून बाईंनी डोक्यावरचा चष्मा डोळ्यांवर ओढला. सुई लागायच्या आधीच ही नळी अर्धी जागी होती.

"हा कशानं उठलाय?" बाई स्वतःशीच पुटपुटल्या. "अजून दार वाजलंच नाही, आणि पहारेकरी काठ्या घेऊन उभे?" मग त्यांनी नावांची वही काढून बघितली आणि त्या वळल्या. "ताई, या माणसाची किडनी कुणाची?"

"आईची."

"आई कुठं असते?"

"नाही आता."

जिराफनं मान खाली घातली, म्हणजे ती तुमच्या-माझ्या खांद्यापाशी आली. ताईच्या डोळ्यांना धारा लागल्या, पण त्या सुखाच्या. "म्हणजे ती आई आहे," ती म्हणाली. "बाई, ती आहे आत. जागी आहे. त्याची राखण करतेय!"

आणि तेव्हा मोठ्या बाई अशा काही हळू बोलल्या की ताईला त्यांचा आवाज ओळखू येईना. "राखण करणारं माणूस असं रक्तात पसरत नाही गं. किडनी शाबूत असली की आपल्या जागी गप्प बसते. तिचे तुकडे रक्तात यायला लागले, म्हणजे तिला मार बसतोय. तुझा भाऊ गोळ्या घेतो ना?"

टकटक झालं. दोनदा, मग थांबून एकदा. फळीवर ठेवलेल्या नळ्यांमधून. या वेळी मोठ्या बाईंनीही मान वळवली.

ताई हातमोजे न काढताच धावली.

दुकानाचं शटर अर्धं वर होतं. आत धाकटा टेबल पुसत होता. सगळं झाडून, पुसून लखलखीत. अक्षरांचा तक्ता भिंतीवर सरळ टांगलेला, चष्म्यांच्या फ्रेमा रांगेत, आणि त्या घालून बघायला ठेवलेले आरसे इथं तिथं तोंड वर करून. धाकट्याचा चेहरा जरा फुगलेला होता. चपला काढून ठेवल्या होत्या नि पायांवर पट्ट्यांचे खोल वळ होते.

"आलीस? जागी निघाली ना?" तो म्हणाला. "तुझ्या तोंडावरूनच कळतंय. फ्रेम निवड. तुला गोल बरी दिसेल, नाक झाकेल जरा."

"गोळ्या कधीपासून बंद आहेत?"

त्यानं फडकं घडी केलं. पुन्हा उलगडलं.

"मी विचारतेय तुला. कधीपासून?"

"तूच म्हणालीस ना, गोळ्यांनी झोपतात म्हणून? म्हटलं, थोडे दिवस उठू दे त्यांना. लस ओळखू दे. मग पुन्हा सुरू करीन. एवढं काय त्यात? ताई, मी इथं बसून भिंतीचा तक्ता किती वेळा वाचू? पाठ झालाय मला. उलटासुद्धा."

"अरे गाढवा, ते उठले नि आईच्या अंगावर गेले!"

धाकटा हसला. खरंच हसला, जरा लाजून, लहानपणी काही लपवलेलं सापडलं की हसायचा तसा. "आईचं तू मला सांगू नकोस. आई खूश आहे. रोज येते इथं."

ताईला वाटलं, ताप चढलाय याला. तिनं कपाळाला हात लावला, तर कपाळ गार.

"खरं सांगतोय. गोळ्या सोडल्या आणि चार-दोन दिवसांत यायला लागली. मी हा आरसा पुसला की यात दिसते, तो पुसला की त्यात. माझ्या मागं उभी असते. बोलत काही नाही. दुकान पुन्हा उघडणार म्हणून बघायला येत असेल. तिला नाहीतरी आवडायचंच ना इथं बसायला?"

"कशी उभी असते?"

"कशी म्हणजे? आपली नेहमीची साडी. जराशी वाकलेली. एक हात असा." आणि त्यानं आपला हात डाव्या कुशीवर, मागच्या बाजूला, घट्ट दाबून धरून दाखवला.

ताईनं ती जागा ओळखली. ऑपरेशननंतर तिनंच तर आईला पुसून घेतलं होतं, तिथल्या टाक्यांना मलम लावलं होतं. आई हात ठेवायची त्या जागी आता काहीच नव्हतं. जे होतं ते धाकट्याच्या पोटात होतं, आणि दुखत इथं होतं.

"ती बघायला येत नाही रे," ताई म्हणाली. "तिला लागतंय. तू तिला मारतोयस, आणि ती तुला सांगायला येते. आपली आई. मारू नकोस असंसुद्धा तोंडानं म्हणत नाही."

धाकट्यानं समोरच्या आरशात बघितलं. काय दिसलं त्याला, ते त्यानं कुणाला सांगितलं नाही. पण त्याच्या हातातलं फडकं खाली पडलं, आणि एवढा मोठा बाप्या माणूस आरशाला म्हणाला, "खूप दुखतंय का गं?"

पुढचं भराभर झालं. हॉस्पिटल, सलाइन, जहाल औषधं. पहारेकऱ्यांना काठ्यांसकट लोळवलं. डॉक्टर म्हणाले, आणखी थोडा उशीर झाला असता तर किडनी हातची गेली असती. हळूहळू पायांची सूज उतरली. मोठ्या बाई पुन्हा पुन्हा नळी मागवत होत्या, आणि दर वेळी ती बाईमाणसाची खूण बारीक, अजून बारीक. एक दिवस जिराफ पडद्यावर वाकला आणि म्हणाला, "गेली." मग त्याला स्वतःलाच कसंतरी झालं. म्हणाला, "म्हणजे, बरी झाली."

महिना उलटल्यावर धाकट्याच्या अँटीबॉडी मोजल्या. नव्हत्याच जवळजवळ. जिराफ म्हणाला, "बाई, आपला अंदाज चुकला. जागी नळी होती."

"अंदाज नाही चुकला," बाई म्हणाल्या. "ज्याच्यावरून बांधला, त्या माणसाला आपणच पुन्हा झोपवलं. आई वाचवायची तर दुसरा उपाय नव्हता."

तर दुकान उघडलं, पण धाकटा पुढं नाही बसला. पुढं एक पगारी माणूस. धाकटा मागच्या खोलीत, काचेपलीकडे, भिंगं घासतो. लोकांच्या डोळ्यांत बघणारा पोरगा आता नुसत्या भिंगांत बघतो. तब्येत ठणठणीत. तक्रार नाही. फक्त एक आरसा त्यानं पुढच्या दुकानातून उचलून आत नेलाय आणि कामाच्या टेबलावर ठेवलाय.

एके दुपारी ताई डबा घेऊन गेली, तर तो आरसा पुसत होता. आधीच स्वच्छ होता आरसा.

"येत नाही आता," तो म्हणाला.

"चांगलं आहे की. तिला बरं वाटतंय."

"हो." पुन्हा पुसला. "ताई, एक विचारू? रागावू नकोस. एकच गोळी चुकवली तर काय होईल? एकच."

ताईनं डबा खाली ठेवला. "येईल ती. कुशीवर हात धरून, वाकत येईल."

"येईल ना पण," धाकटा म्हणाला.

त्या दिवसापासून ताई रोज जाते. दुपारच्या ठोक्याला, प्रयोगशाळेतून थेट, हातमोज्यांची पावडर हाताला तशीच. त्याच्यासमोर उभी राहते. तो गोळी जिभेवर ठेवतो, पाणी पितो, गिळतो, आणि आ करून दाखवतो. मग ती जाते. झालं. एवढीच गोष्ट.

काय? बघताय काय असे? दात हलतोय खरा. बरं बाबा, सांगते. एक गोष्ट मी पदरची घातली. तो लगेच गिळतो म्हणाले, तसं नाही. गोळी गालात धरून ठेवतो तो आणि आरशाकडे बघत राहतो, बराच वेळ. आणि ताईला दिसतं ते. तीही आरशाकडेच बघत असते. लगेच "गीळ" म्हणत नाही.